बर्गी आले ट्रॉली बॅगा घेऊन

विमानानं जायचं ठरलं की मराठी घरात पहिल्यांदा वजनकाटा बाहेर निघतो. एरवी तो पलंगाखाली धूळ खात असतो आणि कुणी त्याचं नाव काढलंच तर त्याचे सेल गेलेले असतात. पण माणशी पंधरा किलो विमानाच्या पोटात आणि सात किलो हातात, हा हुकूम वाचला की सेल मिळतात. मग घरातली कर्ती माणसं रात्री अकरा वाजता बॅग कवेत घेऊन काट्यावर चढतात, बॅग ठेवून पुन्हा चढतात आणि वजाबाकी करतात. बॅगेचा आकडा सगळ्यांना सांगितला जातो. दुसरा आकडा ज्याचा त्यानं मनात ठेवायचा असतो.

आमचं कोलकाता ठरलं आणि सामानाच्या आधी चटणीचा प्रश्न उभा राहिला. लसणीच्या चटणीत सुकं खोबरं असतं आणि सुकं खोबरं विमानाच्या सामानात चालत नाही. त्यातल्या तेलामुळे ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणे. ही बातमी साडूभाऊंनी आणली. आत्या म्हणाली, "साठ वर्षं चटणी करतेय, डबा कधी पेटला नाही. खाणारे पेटले असतील." शेवटी तिनं शेंगदाण्याची केली. तिला कुणी हरकत घेतली नाही. तिखटपणाबद्दल विमानवाल्यांचा अजून काही कायदा नाही.

पुण्याहून कोलकात्याला जायच्या दोन वाटा. एक आझाद हिंद एक्सप्रेस. ती दोन हजारांहून जास्त किलोमीटर धावून तीसेक तासांनी कधीतरी हावड्याला टेकते. दुसरी विमानाची, ते पावणेतीन तासांत नेताजी सुभाषचंद्र बोस विमानतळावर उतरवतं. म्हणजे कसेही गेलात तरी शहरात शिरायचं ते नेताजींच्या परवानगीनंच. आम्ही विमान घेतलं, कारण वेळ वाचतो. सकाळी पावणेदहाच्या विमानासाठी आम्ही पहाटे पाचला घर सोडलं, सहाला पट्टा काढून ट्रेमध्ये ठेवला, साडेसहाला तो पुन्हा घातला आणि उरलेले तीन तास वाचवलेल्या वेळेचं काय करायचं ह्याचा विचार करत बसलो. रेल्वेनं गेलो असतो तर एवढ्यात नगरच्या आसपास समोरच्या कुटुंबाचं गाव, पगार आणि मुलीच्या लग्नाचं कुठवर आलं हे कळलं असतं. विमानात शेजारचा माणूस कानात बोंडं घालून डोळे मिटतो आणि आख्खा विदर्भ, छत्तीसगड ढगाखालून निघून जातं.

साडूभाऊ पाटबंधारे खात्यातून कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. सहलीचा आराखडा त्यांनी केला होता आणि त्याला ते आराखडाच म्हणत. संगणकावर तक्ता करून प्रत्येकाला एकेक प्रत दिली होती. त्यात प्रत्येक स्थळापुढे वेळ होती आणि वेळेपुढे एक शेरा: 'आतून', 'बाहेरून' किंवा 'जाता जाता'. बेलूर मठ आतून. रायटर्स बिल्डिंग बाहेरून. हावडा पूल जाता जाता. जगात पाहण्यासारखं जे जे आहे ते ह्या तीन खणांत बसतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. हिमालयापुढे त्यांनी काय लिहिलं होतं हे मी विचारलेलं नाही.

ह्या आराखड्याला पहिला सुरुंग लावला तो सूर्यानं. डिसेंबरातली गोष्ट. तक्त्यात 'व्हिक्टोरिया मेमोरियल, बाग, ५.१५ ते ६' असं होतं आणि पाच वाजता कोलकात्यात मिट्ट होत आलं होतं. साडूभाऊंनी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग आकाशाकडे, आणि चूक आकाशाची ठरवली. खरं म्हणजे पुणं-मुंबई आणि कोलकाता ह्यांच्या सूर्यात तासाभराचं अंतर आहे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण कलकत्त्यानं स्वतःची वेळ १९४८ पर्यंत सोडली नव्हती आणि मुंबईनं तर १९५५ पर्यंत. कलकत्ता प्रमाणवेळेच्या चोवीस मिनिटं पुढे, मुंबई एकोणचाळीस मिनिटं मागे. दोन्ही शहरांना आपलंच घड्याळ बरोबर वाटत होतं. आता सरकारी कागदावर एकच वेळ आहे. तिचं परिपत्रक सूर्यापर्यंत पोचलेलं नाही.

विमानतळावरून आम्ही पिवळी अँबॅसडर टॅक्सी घेतली. ह्या गाडीचं उत्पादन २०१४ मध्ये बंद पडलं, पण ते तिला कुणी सांगितलेलं दिसत नाही. मागे चार माणसं बसून वर आत्याची पिशवी मावते अशी गाडी पुन्हा झाली नाही. साडूभाऊ पुढे बसले आणि त्यांनी खास पुणेरी हिंदी काढली, "हमको बागबाजार उतरने का है, लेकिन बीचमें कहीं घुमाव मत." ड्रायव्हर समस्तीपूरकडचा निघाला. शुद्ध हिंदी बोलणारा गाडीत तो एकटाच होता, त्यामुळे बिचारा फारसा बोलला नाही.

आमचा मुक्काम बागबाजारात, एका जुन्या घराच्या पाहुणेघरात. हिरव्या लाकडी झडपांच्या खिडक्या, मधे चौक, आणि दाराशी रस्त्याला लागून बसायचा ओटा. त्याला तिथं रोआक म्हणतात आणि त्यावर सकाळ-संध्याकाळ निवृत्त माणसं बसलेली असतात. घराचे मालकच मॅनेजर. बाहेर गुलाबी थंडी होती आणि मॅनेजरबाबू डोक्यात माकडटोपी, गळ्यात मफलर, अंगावर शाल अशा गिर्यारोहकाच्या तयारीनं रजिस्टर लिहीत होते.

"कुठून?"

"पुणे. महाराष्ट्र."

त्यांनी पेन खाली ठेवलं. टोपीतून दिसणारा चेहऱ्याचा तेवढा भाग उजळला. आतल्या दाराकडे वळून त्यांनी मोठ्या आनंदानं हाक दिली, "ओगो शुनछो! बर्गी एशेछे!"

बर्गी म्हणजे आपले बारगीर. सरकारी घोड्यावर बसून लढणारे मराठी स्वार. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा चौथाईसाठी बंगालवर चालून जात होत्या. त्यांचा सरदार भास्करपंत कोल्हटकर. त्याला १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानानं बोलणी करायला म्हणून तंबूत बोलावलं आणि तिथंच मारलं. अखेर १७५१ चा तह झाला आणि सालीना बारा लाख चौथाई ठरली. आपल्या शाळेच्या इतिहासात हा मजकूर दोन ओळींत येतो आणि पुढच्याच पानावर आपण अटकेला पोचलेले असतो. बंगालात तो इतिहासात नाही, अंगाईत आहे. तिथल्या आया अजून मुलांना झोपवताना बर्गी आल्याचं गातात. आमच्या मॅनेजरबाबूंची आई गायची, त्यांची बायको गायली, आता सून गाते. पावणेतीनशे वर्षं बंगाली मुलं आमच्या नावानं झोपतायत. आमच्या घरातलं एकही मूल कधी आमच्या सांगण्यावरून झोपलेलं नाही.

साडूभाऊंची छाती जरा पुढे आली, पण कशी ठेवावी हे त्यांना नीट कळेना. ती फार वेळ तशी राहिलीही नाही. संध्याकाळी मॅनेजरबाबू म्हणाले, "आमच्याकडे एक जुनं काव्य आहे. कवी गंगाराम. नाव महाराष्ट्रपुराण." साडूभाऊ खुर्चीतून अर्धे उठले. अठराव्या शतकातल्या बंगाली कवीनं महाराष्ट्रावर पुराण रचावं! उद्याच कॉलेज स्ट्रीटवरून दोन प्रती घेऊ, एक आपल्या वाचनालयाला देऊ, असंही ठरलं. मग मॅनेजरबाबूंनी शांतपणे त्यात काय आहे ते सांगितलं. गावं कशी जाळली, कोण कोण जीव घेऊन पळालं, पोथ्या काखोटीला मारून ब्राह्मण कसे निघाले, बायकांचं काय झालं. सांगताना त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता, आणि तेच जड जात होतं. आपल्या पराक्रमाला दुसऱ्या बाजूनंही पान असतं, आणि ते वाचायला विमानाचं तिकीट काढावं लागतं. वाचनालयाचा विषय नंतर निघाला नाही.

मॅनेजरबाबूंनीच मग आमची सुटका केली. "पण तुम्ही कलकत्त्याला आला नाहीत," ते म्हणाले, जणू आम्ही आमंत्रण चुकवलं होतं. तुम्ही येणार म्हणून १७४२ मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला. मराठा डिच. सात मैलांचा बेत होता, तीनेक मैल झाला, आणि तुम्ही काही आला नाहीत. काम राहिलं ते राहिलंच. आला कोण, तर सिराजउद्दौला, १७५६ मध्ये; त्याच्यासाठी खंदक खणलेला नव्हता, त्यामुळे तो सरळ आत आला. पुढे १७९९ च्या सुमाराला इंग्रजांनी खंदक बुजवून त्यावर सर्क्युलर रोड केला. आमच्याच बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. दुसऱ्या दिवशी साडूभाऊ आराखडा बाजूला ठेवून तिथं गेले. गल्लीत खंदक नाही, मराठा नाही, एक इस्त्रीवाला आहे. साडूभाऊंनी तरीही उतार पाहिला, बुटाच्या टोकानं माती उकरली आणि "भरावाचं काम बरं आहे" असा अभिप्राय दिला. खात्यातून निवृत्त झाल्यावर कुणी त्यांना साइट दाखवली नव्हती.

हेच बंगाली पुढे शिवाजी महाराजांच्या प्रेमात पडले, ही पण गंमतच. रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये शिवाजी उत्सवावर कविता लिहिली. ती ज्यांच्यामुळे लिहिली गेली ते सखाराम गणेश देउस्कर घराण्यानं मराठी आणि लेखणीनं अस्सल बंगाली. १९०६ मध्ये खुद्द लोकमान्य कलकत्त्याच्या शिवाजी उत्सवाला गेले. बर्ग्यांच्या नातवा-पणतवांना ज्या शहरानं हार घातले त्या शहराचं मन मोठं म्हणावं की स्मरणशक्ती सोयीची, हे मला ठरवता आलेलं नाही. दोन्ही आपल्याकडेही असतात.

व्हिक्टोरिया मेमोरियल आम्ही दुसऱ्या दिवशी उजेडात पाहिलं, आतून. मकराण्याचा पांढरा संगमरवर. त्याचा आराखडा विल्यम इमर्सनचा. त्यानंच तरुणपणी आपल्या मुंबईतलं क्रॉफर्ड मार्केट काढलं. हे कळल्यावर साडूभाऊंना ती इमारत आपली वाटू लागली आणि घुमटाखाली उभं राहून त्यांनी कोपरे कुठे कुठे मंडईसारखे आहेत ते दाखवलं. पायाभरणी १९०६ ची, राजधानी दिल्लीला नेल्याची घोषणा १९११ ची आणि इमारतीचं उद्घाटन १९२१ चं. म्हणजे साम्राज्यानं राजधानीत स्मारक बांधायला घेतलं आणि ते पुरं होईपर्यंत राजधानीच राहिली नाही. आता बागेत प्रत्येक झाडाखाली एक छत्री आणि प्रत्येक छत्रीखाली दोन माणसं असतात. पाऊस नव्हता. आत्यानं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "राणीचं काही का असेना, जागेचा उपयोग चांगला चाललाय."

आत्या ह्या सहलीत सगळ्यात कमी चालली आणि सगळ्यात जास्त पोचली. ती मामा वरेरकरांनी मराठीत आणलेला शरच्चंद्र वाचत वाढली. त्यामुळे बंगालात ती प्रथम आली असली तरी नवीन नव्हती. जोडासांकोच्या ठाकूरवाड्यात तिनं खोल्या भराभर पाहिल्या आणि मग तिथल्या मदतनीस बाईंना थेट विचारलं, "आमच्या तर्खडकरांच्या अन्नपूर्णेचा फोटो कुठाय?" १८७८ मध्ये सतरा वर्षांचे रवींद्रनाथ इंग्लंडला जाण्याआधी इंग्रजी सुधारायला म्हणून मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकरांच्या घरी राहिले होते. शिकवणारी त्यांची मुलगी अन्नपूर्णा. इंग्रजी किती सुधारलं ह्याचा हिशेब नाही, पण त्यांनी तिचं नाव नलिनी ठेवलं, एवढं नक्की. बाई हसल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. पुढचा पाऊण तास त्या बंगालीत आणि आत्या मराठीत बोलत होती. काही अडलं नाही. तक्त्यात जोडासांकोला पंचवीस मिनिटं होती. साडूभाऊ जिन्यात उभे राहून पुढच्या 'बाहेरून'ला 'जाता जाता' करत होते.

तक्ता खरा मेला तो कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाउसमध्ये. पूर्वी हा अल्बर्ट हॉल. उंच छत, लांब दांड्यांचे पंखे, भिंतीवर रवींद्रनाथ, तुर्रेवाले वाढपी आणि सगळ्या टेबलांवर एकाच वेळी चाललेला वाद. आमच्या पुण्यात चांगल्या मिसळीच्या दुकानात तुम्ही पहिला घास घेता तेव्हाच पुढचं कुटुंब तुमच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभं असतं आणि तर्री मागितलीत तर सुस्कारा टाकतं. इथं एका कॉफीवर माणूस दुपार काढतो आणि बिल मागितलं तर वाढप्यालाच वाईट वाटतं. आम्ही घाईनं ऑर्डर दिली. कॉफी आली तेव्हा तक्त्यातलं पुढचं स्थळ बंद व्हायला आलं होतं.

शेजारच्या टेबलावर चार पिकली डोकी होती. त्यातल्या एकानं वळून विचारलं, "दादा, कुठले?"

"पुणे."

"पुणे! फिल्म इन्स्टिट्यूट! ऋत्विक घटक तिथं शिकवायचे."

साडूभाऊ पुण्यात जन्मले. त्यांच्या पुण्यात पेशवे, टिळक, आगरकर, विद्यापीठ आणि खडकवासला आहे. ऋत्विक घटक शिकवतात असं एक वेगळं पुणं आहे आणि ते इथं कॉलेज स्ट्रीटवर आहे, हे त्यांना नवीन होतं. त्यांनी आमच्या नाटकांचा विषय काढला. समोरून शंभू मित्र आले. त्यांनी गणेशोत्सव टाकला, तिकडून दुर्गापूजा पडली. त्यांनी पु.लं.नी पन्नाशीत बंगाली शिकायला शांतिनिकेतनात मुक्काम केल्याचं सांगितलं. ह्यावर चौघांनीही मान डोलावली, कारण त्यात त्यांना काही विशेष वाटलं नाही. शहाणा माणूस बंगाली शिकणारच. "तुमच्यापैकी कुणी मराठी शिकलं का?" साडूभाऊंनी विचारलं. चौघं विचारात पडले. एकानं प्रामाणिकपणे सांगितलं, "वेळ झाला नाही." हे वाक्य तो कॉफी हाउसात तिसऱ्या तासाला उच्चारत होता.

मला मात्र त्या टेबलावर कुणी परकं वाटत नव्हतं. भारतात बाकीच्या प्रांतांनी नाटकं-पुस्तकांचा विषय कधीच मिटवून धंद्याला लागायचं ठरवलं. हे एक आणि आपण एक, दोघंच अजून कोण जास्त सुसंस्कृत ह्याच्यावर भांडायला मोकळे आहोत. दोघांचीही भरभराट आजोबांच्या काळात झाली आणि दोघांनाही ती काल झाल्यासारखी आठवते. फरक एवढाच, की आम्ही मान्य न झाल्यास अपमान करतो आणि ते आणखी एक कॉफी मागवतात.

हावडा पूल जाता जाता पाहिला. तो तसाच पाहायचा असतो, कारण तिथं थांबलं की मागची गर्दी तुम्हाला हावड्यालाच पोचवते. साडेसव्वीस हजार टन पोलाद आणि एकही नटबोल्ट नाही, सगळं रिव्हेटांवर. फेब्रुवारी १९४३ मध्ये तो सुरू झाला तेव्हा जपानी विमानांच्या धास्तीनं समारंभसुद्धा झाला नाही. पहिली गेली ती एक ट्राम. जपान्यांनी त्याचं काही वाकडं केलं नाही. ते काम पुढे पानवाल्यांच्या गिऱ्हाइकांनी हाती घेतलं. पिंका पडून पडून खांबांचे पायथे इतके खात गेले की त्यांना फायबर ग्लासची आवरणं घालावी लागली. साडूभाऊंनी हे गांभीर्यानं ऐकलं आणि आमच्या खात्यात पिंकेची तरतूद एस्टिमेटमध्येच धरतात, असं सांगितलं.

शिवपूरच्या बागेतला तो प्रचंड वड पाहिला. त्याचं मूळ खोड बुरशी लागल्यामुळे १९२५ मध्ये काढून टाकलं, तरी पारंब्यांवर सगळं रान उभं आहे. "कर्ता गेला आणि एकत्र कुटुंब टिकलं, असं हे एकच पाहिलं," आत्या म्हणाली. बिर्याणीत बटाटा निघाला. तो वाजिदअली शाहाच्या मटियाबुर्जच्या मुदपाकखान्यातून आलाय म्हणतात, आणि एवढ्या बिर्याणीत भांडण झालं ते त्या बटाट्यावरून. फुचका खाल्ल्यावर साडूभाऊंनी सवयीनं सुकी पुरी मागितली. फुचकावाल्यानं न मागता शेवटचा एक फुकट दिलाच होता. त्याला वाटलं, पाहुणे पुन्हा सुरुवातीपासून करतायत.

निघायच्या सकाळी मॅनेजरबाबू चहाला आमच्याजवळ येऊन बसले. म्हणाले, पूजा आटोपली की आम्हीही दरवर्षी हिंडायला बाहेर पडतो. दार्जिलिंग झालं, पुरी झाली, राजस्थान झालं. यंदा पुणं करावं म्हणतो. काय आहे बघायला?

साडूभाऊ सरसावून बसले. "शनिवारवाडा. १७३२ चा."

"आतून की बाहेरून?"

साडूभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात पाहिलं. १८२८ च्या आगीत वाडा जळाला त्याला आम्ही दोघं जबाबदार नव्हतो. "बाहेरून," साडूभाऊ म्हणाले, "बाहेरून फारच भव्य आहे."

"उतरायला जागा?"

"अहो, जागा कसली बघताय, आमच्याकडेच या," आत्या म्हणाली. तिनं हे मॅनेजरबाबूंच्या बायकोला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं असं दिसलं, कारण मॅनेजरबाबूंनी लगेच खिशातून कागद काढला.

"आम्ही अकरा जण. मोठे दादा-बौदी, त्यांची मुलं, माझी मेव्हणी, तिचे सासरे. दहा-बारा दिवस राहू, घाईघाईत शहर कळत नाही. गरम पाण्याचं कसं? गीझर आहे ना? आणि मासा रोज मिळतो? नदीचा?"

आत्या प्रत्येक प्रश्नाला हो म्हणत होती. साडूभाऊंनी तक्त्याची पाठकोरी बाजू वर केली, पेनाचं टोपण काढलं आणि मॅनेजरबाबूंना अगदी सहज विचारलं, "तो तुमचा खंदक... रुंदी किती ठेवली होती हो?"